वॉल्व्हचं ग्रीस

न्हाणीघरात पाय घसरून विनायकरावांचं डोकं नळावर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं, पण रक्ताचा थेंब नाही आणि शुद्ध जागेवर. तरी शेजाऱ्यांनी रिक्षात घालून अवधपुरीच्या नर्सिंग होममध्ये आणलंच. दारातच वसुधाबाई नवऱ्याच्या कानाला लागल्या, "अहो, हार्टचं काही बोलू नका. हार्ट म्हटलं की हे लोक मशीनमध्ये घालणारच."

बाईंचा संशय काही आभाळातून पडला नव्हता. आनंद नगरच्या मंगलाचा नुसता गुडघा दुखत होता, तर या कमिशनखाऊ पांढऱ्या कोटवाल्यांनी तिला नखशिखांत तपासून काढली होती.

डॉक्टर पोरगेलासा होता. "अंकल, खून पतला करने की कोई दवा?"

"नहीं, नहीं," विनायकराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. छातीत धातूची झडप बसली तेव्हापासून ते रोजच्या गोळीला ग्रीस म्हणत. सर्जनने तेव्हा काय सांगितलं ते विरून गेलं, घरात ग्रीस तेवढं उरलं.

"तो स्कैन की ज़रूरत नहीं. घर जाइए."

वसुधाबाई चमकल्या. दारात आलेलं गिऱ्हाईक हा सोडतोय? काय भानगड आहे?

"मशीन बिगड़ी है क्या?"

डॉक्टर हसला. "चालू है, आंटी. वो दवा चलती तो मैं खुद नहीं छोड़ता. चोट छोटी हो, तब भी अंदर खून रिसता रहता है. बाहर से पता नहीं चलता."

"अगं, चल," विनायकराव चपला शोधू लागले. "सकाळचं ग्रीस झालंय, ठणठणीत आहे मी."

"ग्रीस?"

"वॉल्व्ह का!" त्यांनी छातीवर थाप मारली.

डॉक्टरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पर्स घट्ट धरली. सांगितलं तर मशीन, नाही सांगितलं तर... त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर आपटली.

नाव वाचताच डॉक्टरचं हसू गेलं. "आंटी, यही तो है!"

स्कॅन झालं. कवटीच्या आत बारीक पांढरी रेघ दिसली; स्कॅनवर ताजं रक्त पांढरंच दिसतं. बाईंनी पडद्याला नाक लावलं. "ये इन्हीं का सिर है ना? किसी और का तो नहीं चिपकाया?"

त्याने कोपऱ्यातलं नाव दाखवलं. बाईंनी नाव वाचलं, वय वाचलं. मागे विनायकराव कंपाउंडरला टर्बाइनचा किस्सा सांगत होते. स्कॅनच्या आधी त्यालाच सांगितलेला, पुन्हा पहिल्यापासून.

"मग उभे काय राहिलात?" बाई डॉक्टरवर मराठीतच कडाडल्या. "थांबवा ना ते रक्त!"