घोड्याखालचं काडतूस

"हेही नको," म्हणत एल्डन श्रोडरने पाचवं रिव्हॉल्वर काउंटरवरच्या कापडावर ठेवलं. "मूठ बघ याची. लाकूड आणि लोखंड यांच्यात नख जातंय."

दुकानदार वेंडेलने नख घालून पाहिलं नाही. सलग तिसऱ्या शनिवारी तो हे ऐकत होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्वरची हुबेहूब नक्कल हवी, एवढीच एल्डनची मागणी. अशा नकला चिक्कार बनतात, बहुतेक इटलीतून येतात आणि बऱ्याच चांगल्याही असतात. पण एकाचं काडतुसांचं चक्र डुगडुगतं, दुसऱ्याचा काडतुसावर आपटणारा घोडा डावीकडे झुकतो, तिसऱ्याच्या पोलादावरचे रंग लग्नातल्या केकसारखे दिसतात, असं प्रत्येकात काहीतरी त्याला सापडायचंच. चौथं तर त्याने डोळे मिटूनच नाकारलं होतं. अंगठ्याने घोडा मागे ओढताना चार खटके वाजायला हवेत; तिसरा आणि चौथा एकमेकांत मिसळतात, म्हणाला. पवनचक्कीच्या पंपाचं दुखणं कुंपणापलीकडून आवाजावर ओळखण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती, त्यामुळे त्याच्या कानाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"तुला बंदूक नकोय," वेंडेल शेवटी म्हणाला, "तुला दुसरी बायको शोधायचीय, तीही बत्तीसलक्षणी."

एल्डन हसला नाही. एरवी हसला असता.

खरं दुखणं मे महिन्यातलं होतं. नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात, खडीच्या खाणीमागच्या माळावर, त्यांचा नेमबाजीचा क्लब महिन्यातून एकदा जमायचा. जुन्या काळचे कपडे, हॅट, आणि लोखंडी पत्र्यांवर नेमबाजी. नेम धरायला जाण्याआधी एका लांब टेबलाशी उभं राहून प्रत्येकाने आपलं रिव्हॉल्वर भरायचं. चक्रात घरं सहा, पण काडतुसं पाचच. एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि हळूच खाली सोडा, म्हणजे घोडा बरोबर रिकाम्या घरावर बसतो. तो भरल्या काडतुसावर बसला, तर बंदूक नुसती हातातून पडली तरी बार उडतो. त्यामुळे क्लबचा नियम साधा होता. ज्याचा घोडा काडतुसावर सापडेल त्याने टेबलापासूनच माघारी फिरायचं आणि त्या दिवसापुरतं घर गाठायचं. सबब चालायची नाही.

बावीस वर्षं त्या टेबलामागे एल्डन उभा होता. "एक भरा, एक सोडा, चार भरा" हे त्याने अख्ख्या तालुक्याला घोकवलं होतं. डॉक्टरला त्याने घरी पाठवलं होतं, चर्चच्या पाद्रीला पाठवलं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी खुद्द वेंडेललाही.

आणि मे महिन्यात, स्वतःच्या पाळीला, भरता भरता कुणाच्या तरी गुरांच्या भावाबद्दल बोलत असताना, तो ते एक घर सोडायलाच विसरला.

शेजारी त्याची बायको आर्डिस स्वतःचं रिव्हॉल्वर भरत होती. ती एवढंच म्हणाली, "एल्डन, परत एकदा बघ." तो खेकसला, मला शिकवतेस का, म्हणाला. मग त्याने वाकून पाहिलं. घोड्याखाली काडतुसाचं पितळ चकाकत होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने गुपचूप सगळं काढलं, नीट भरलं, जाऊन नेमबाजी केली आणि चक्क तिसरा आला. बक्षिसाची पांढरी फीतही मिळाली. घरी जाईस्तोवर गाडीत आर्डिस अवाक्षर बोलली नाही. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दोष जुन्या रिव्हॉल्वरच्या माथी मारला. खाचा झिजल्या आहेत, खटके ऐकू येत नाहीत, म्हणून मोजणी चुकली. नवीन घ्यायला हवं, आणि तेही अस्सल. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण नेब्रास्कात कुणी ऐकलेली नाही, पण अंगणं तिथेही वाकडी असतात.

वेंडेलने आता कपाटातून सहावं काढलं. दिसायला जुन्यासारखंच, फक्त आत एक छोटी पट्टी होती. चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसापर्यंत पोचतच नाही. सहाच्या सहा भर, खुशाल आपट, काही व्हायचं नाही, वेंडेल सांगू लागला. आता आपलं वय झालं, कधी लक्ष राहतं, कधी नाही.

एल्डनचे कान लाल झाले. "ज्यांना पाचपर्यंत मोजता येत नाही त्यांना वीक ते," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला ऐकवेना.

वेंडेलने शांतपणे ते परत कपाटात ठेवलं. मग शेवटचं, सातवं, समोर सरकवलं आणि स्टूलवर बसून राहिला. आता मात्र त्याचाही जीव मेटाकुटीला आला होता.

एल्डनने बाजूचं झाकण उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे पाहिलं. चक्र फिरवलं, ते जराही डुगडुगलं नाही. घोडा सरळ होता. मूठ हातात अशी बसली की हात विसरून जावा. त्याने डोळे मिटले आणि घोडा ओढला. चार खटके, सुटे, स्वच्छ. पुन्हा ओढला. पुन्हा चार. त्याने खोट शोधली, अगदी जिवापाड शोधली, पण मिळाली नाही. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं, आणि संतापाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" वेंडेलने विचारलं. "यातही खोट?"

"हे चांगलंय," एल्डन म्हणाला. "वेंडेल, मे महिन्यात माझा घोडा काडतुसावर होता. टेबलापाशी. आणि मी घरी गेलो नाही."

वेंडेलने कापडाची घडी घातली.

"मला पाठवलंस तेव्हा माझा सासरा पहिल्यांदाच आला होता बघायला," तो म्हणाला. "त्याच्यासमोरून गेलो मी."

"माहितेय."

"मग जूनमध्ये तूही घरी जा."

"टेबलामागे तू उभा राहा," एल्डन म्हणाला. "तू पाठव."

जूनच्या शनिवारी एल्डन इस्त्रीचा शर्ट, वेस्टकोट आणि हॅट घालून आला. रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबला. टेबलापाशी आल्यावर त्याने नवीन रिव्हॉल्वर ठेवलं, पण काडतुसांना हात लावला नाही. पोराटोरांसकट चाळीस माणसं बघत असताना मे महिन्यातली गोष्ट त्याने मोठ्याने सांगितली. पांढरी फीत वेंडेलच्या हाती दिली. वेंडेलने ती खिशात घातली.

"घरी जा, एल्डन."

"हो."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिची पाळी होती. ती आपलं रिव्हॉल्वर भरू लागली.

एल्डनची गाडी फाटकापाशी पोचली तेव्हा समोरून उशीर झालेला पाद्री येत होता. पाद्रीने काच खाली केली आणि घरी काही विसरलंय का, म्हणून विचारलं.

एल्डनने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "मला घरी पाठवलंय."