पाहुणीसाठी जाळ

चिलीच्या दक्षिण टोकाला आमच्या गावात जुलैचा बर्फ दारापर्यंत येतो. सरपणासाठी सरकारी मदत मिळावी म्हणून मी अर्ज केला होता आणि आज कचेरीतली बाई घर तपासायला येणार होती. सकाळीच मी आईला बजावलं, "शेगडी पेटवायची नाही. बघू दे तिला आपण कसे राहतो ते."

"घरी माणूस येणार आणि शेगडी थंड? लाज कशी वाटत नाही गं तुला?"

बाईला आणायला मी थांब्यावर गेले. परतताना लांबूनच आमच्या धुराड्यातून धूर दिसला आणि माझं डोकं फिरलं. आईने उरलेली पाचही लाकडं आत घातली होती.

बाईंनी कोट काढला. आईने त्यांची खुर्ची शेगडीजवळ ओढली, हातात माते या पानांच्या गरम चहाचा पेला दिला.

"बरं वाटलं हो, आजी. आमच्या कचेरीतला हीटर आठवडाभर बंद आहे. बोटं वळत नव्हती."

"हा जाळ तुमच्यासाठी केलाय," मी म्हणाले. "मागे बघा, एक ढलपीही उरलेली नाही."

त्यांनी खिडकीतून रिकामी पडवी पाहिली. "पटतंय मला, ताई. पण तपासणीच्या वेळी घरात ऊब किती, तेच लिहायचं असतं." त्यांनी टेबलावर थर्मामीटर ठेवला आणि फॉर्मवर एकवीस अंश लिहिलं.

त्या गेल्या. जाळ विझत आला, तशी आईने दुसरा स्वेटर चढवला.

"बोटं तरी वळली बिचारीची," ती म्हणाली. "नाहीतर फॉर्म भरला कसा असता तिने?"