न वितळलेला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. माझ्या दोन टोकांना पितळेच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक बारीक तार. त्या तारेतून पाच अँपिअर विद्युतधारा सुखाने जाते. धारा त्याहून बरीच वाढली की तार तापते, वितळते आणि वीज बंद होते. स्वतः जळून घर वाचवायचे, एवढेच माझे काम.

एका इस्त्रीच्या दुकानात दारामागच्या लाकडी पाटीवर मी वीस वर्षे होतो. दुकान वहिनींचे. मदतीला त्यांचा धाकटा दीर. एक इस्त्री हजार वॅटची. तिच्या शक्तीला दोनशे तीस व्होल्टने भागले की साडेचारच्या आत अँपिअर येतात. एक इस्त्री चालली की मी खूश. दोन लावल्या की काही वेळात माझी तार गेलीच.

"बसले रुसून आजोबा!" भाऊजी कपाळावर हात मारत.

"रुसू देत. त्यांचं ऐकलेलं बरं," म्हणत वहिनी दुसरी इस्त्री काढून ठेवत आणि तेवढीच बारीक तार पुन्हा पिळून बसवत. कुणी माझी अशी बाजू घेतली की बरे वाटे.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गणवेशांचे ढीग पडले होते. सगळे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. वहिनी गठ्ठे पोचवायला गेल्या. भाऊजींनी दोन्ही इस्त्र्या लावल्या. मी एकदा वितळलो, दोनदा वितळलो. तिसऱ्यांदा त्यांनी वैतागून मला उपसले, मोडक्या टेबलफॅनच्या वायरीतून तांब्याचा जाड पेड काढला आणि माझ्यात घट्ट आवळला.

"आता वितळून दाखवा, आजोबा!"

वहिनी परतल्या. दोन्ही इस्त्र्या चालताना पाहून हरखल्या. "आज आजोबा बरे शहाण्यासारखे वागताहेत!" भाऊजींनी हसून पुढचा गणवेश ओढला.

जाड तारेचा रोध कमी, म्हणून ती तापेना. भिंतीवरच्या जोडपेटीत मात्र वायरीचा एक जोड सैल झाला होता. सैल जोडाला रोध जास्त. धारा दुप्पट झाली की तिथली उष्णता चौपट होते. मित्रांनो, तिकडे भिंत तापत होती आणि मी थंडगार बसलो होतो. मला ओरडायचे होते, पण माझा आवाज म्हणजे ती बारीक तार. तीच माझ्यात नव्हती.

"भाऊजी, कसला वास येतोय?"

"कापड चिकटलं असेल कुठं."

तेवढ्यात जोडपेटी पेटली. तिच्याखाली दोरीवर गणवेश टांगलेले होते. लोकांची पोरे उद्या काय घालतील, एवढाच विचार वहिनींच्या मनात आला असावा. त्यांनी पेटते कपडे उघड्या हातांनी ओढून काढले. भाऊजींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर उशीर झाला होता.

आग विझल्यावर त्यांनी मला उपसले. तांब्याचा पेड तसाच होता, डागसुद्धा पडला नव्हता. तो हातात घेऊन ते उंबऱ्यावर बसले. "वहिनी, मी केलं हे. मी तुम्हाला सांगितलंही नाही." वहिनींचे हात पाण्याच्या बादलीत होते.

आता इस्त्री भाऊजी करतात, एका वेळी एकच. वहिनी शेजारी बसून डाव्या हाताने घड्या घालतात. भिंतीत नव्या वायरी आल्या, माझ्या जागी नवे यंत्र आले. मी खणात पडून असतो. त्याचे दुःख नाही. ज्या दिवशी मी वितळायला हवे होते त्या दिवशी मी शाबूत राहिलो, याचे आहे.

म्हणून मित्रांनो, घरातली वीज गेली तर फ्यूजवर चिडू नका. ती का गेली ते आधी शोधा, आणि जाणकाराला सांगून ठरलेलीच तार बसवून घ्या. आम्हाला जळू द्या. माझी तार पाच मिनिटांत नवी बसत असे. वहिनींची उजवी मूठ अजून मिटत नाही.