चार ओले प्लग

बॅटरी एक, रात्रभर चुलीजवळ ठेवलेली, बारा पूर्णांक तीन व्होल्ट. स्पार्क प्लग चार. टाकीत पेट्रोल अंदाजे अठरा लिटर. अंगणातल्या तापमापकावर उणे सत्तावीस. घड्याळात सहा बावन्न. आणि बाबांचं शेवटचं डायलिसिस होऊन झालेले दिवस चार.

बुधवारची खेप चुकली होती, कारण बुधवारी पेश्तेर पठारावरचा एकही रस्ता उघडा नव्हता. आज शुक्रवार. बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला की पडणारा खड्डा अकरा सेकंद टिकत होता. काल सात टिकला होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं की आज काहीही करून आणा, पाणी आता फुप्फुसात उतरायला लागेल. दोन्ही रुग्णवाहिका वरच्या गावांत अडकलेल्या. बर्फ सारणारा ट्रक आमच्या फाट्यावरून सात चाळीसला खाली पाझार शहराकडे, जिथे इस्पितळ आहे, जाणार होता आणि संध्याकाळीच परतणार होता. तो गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं रस्ता असतो, मग वारा तो पुन्हा बुजवतो.

अशा रस्त्यावर चालणारी गाडी वाडीत एकच. आमची रशियन निवा जीप, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, कार्बोरेटरवाली.

मी बॅटरी जोडली आणि बाबांनी शिकवलं होतं तसंच सगळं केलं. चोक पूर्ण बाहेर. बिस्मिल्लाह. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तीन वेळा तळापर्यंत. मग किल्ली. स्टार्टर आठ सेकंद कण्हला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी खोकलाही नाही, फक्त पेट्रोलचा वास.

शेजारचे शेफ्केत काका फावडं टेकवून उभे होते. त्यांचं म्हणणं, पेडल अजून दाब, गारठ्यात तिला भूक जास्त लागते. मी ऐकलं नाही. बॉनेट उघडून पहिला प्लग काढला. काळा, चकचकीत, ओला. दुसराही तसाच. पेट्रोलने भिजलेल्या प्लगमधून ठिणगी पडत नाही.

"विद्यापीठात पाना धरायला शिकवतात वाटतं," काका म्हणाले. "गाडी चालू करायला कुठल्या वर्षी शिकवतात?"

मी विचारलं, सकाळपासून गाडीत कोण बसलं होतं? काकांनी अगदी सहज सांगितलं की अंगणातून येताना त्यांनीच तीनदा पेडल दाबून ठेवलं होतं, मला सोपं जावं म्हणून. तेवढ्यात दारातून आईने सांगितलं की पहाटेची नमाज झाल्यावर बाबाही कोट चढवून बाहेर आले होते. दहा पावलं चालायलाही त्यांना बंदी आहे. तेही तीनदा दाबून परत गेले होते.

तीन, तीन आणि तीन. एका दाबाला सुमारे पाऊण घन सेंटिमीटर पेट्रोल आत फवारलं जातं. तिघांनीही रीतसर केलं होतं आणि कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

सात वाजून सहा. मी उरलेले दोन प्लग काढत होते. काका आपल्या घरी गेले आणि पत्र्याच्या परातीत निखारे भरून घेऊन आले. इथे सगळे तेच करतात: परात इंजिनाखाली सरकवायची, तेल पातळ होतं. ते वाकले तेव्हा मला इंजिनाखालच्या बर्फावर बशीएवढा पिवळसर डाग दिसला.

"काका, तिथेच थांबा. खाली पेट्रोल आहे."

"चाळीस वर्षं ठेवतोय मी निखारे."

"ठेवलेत ना. आज नका ठेवू. मागे व्हा, हळू."

परातीवरून एक ठिणगी उडाली आणि त्यांच्या बुटाजवळ विझली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं आणि एकेक पाऊल मागे सरत ते पार उंबरठ्यापर्यंत गेले. मी चारही प्लग त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते निखाऱ्यांवर मांडले आणि चिमट्याने भाकरीसारखे उलटत राहिले. प्रत्येकाच्या टोकाला निळी ज्योत धरली आणि गेली.

तोवर मी गाडीच्या पुढच्या भोकातून इंजिन हाताने फिरवायचं हँडल घातलं. प्लग नसले की इंजिन फिरवायला जड जात नाही, फक्त तेलाचा चिकट विरोध असतो. पाच फेऱ्यांनंतर प्लगांच्या भोकांतून धुकं यायला लागलं. पंधराव्या फेरीनंतर मला दंड उचलवेना, तेव्हा काकांनी चिमटा आईकडे दिला आणि हँडल माझ्या हातातून काढून घेतलं. चाळिसाव्या फेरीला धुकं थांबलं.

प्लग लोकरी मोज्यात गुंडाळून आणले आणि बसवले, तरी दोन बोटं भाजलीच. सात एकतीस. बाबांना गोधडीसकट मागच्या सीटवर बसवलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, दर दोन शब्दांनंतर थांबणारा. बॅटरी अकरा पूर्णांक नऊवर आली होती. एकच प्रयत्न, फार तर दीड.

टेकडीच्या कडेवर ट्रकचा पिवळा दिवा फिरताना दिसला. तो वेळेच्या आधी आला होता.

"चोक ओढ, सेनिहा," बाबा म्हणाले. "आणि तीन वेळा..."

"नाही, बाबा."

"पोरी, ही गाडी मी..."

"बाबा, बोलू नका. श्वास घ्या."

चोक मी आतच ठेवला. पेडल तळापर्यंत दाबलं आणि तसंच धरून ठेवलं: अशाने हवा भरपूर जाते आणि उरलेलं पेट्रोल सुकतं. किल्ली फिरवली. स्टार्टर एकेक फेरी ओढत होता आणि मी मोजत होते. सात. आठ. आवाज खाली उतरायला लागला. नऊ. दहाव्या फेरीला एका सिलिंडरने ठोका दिला, मग दुसऱ्याने. मी पाय अर्धा उचलला आणि चोक दोन बोटं बाहेर ओढला. तिसरा लागला. गाडी संबंध थरथरत होती आणि काचेवरचं बर्फ सुटून खाली घसरत होतं. चौथा लागायला अजून बारा सेकंद गेले.

काकांनी खिडकीवर थाप मारली.

फाट्यावर पोचलो तेव्हा ट्रक जाऊन सहा मिनिटं झाली होती. डाव्या बाजूने बर्फ वाहून रस्त्यावर येत होतं, चाकाच्या निम्म्यापर्यंत. दोनदा गाडी आडवी सरकली. दोन्ही वेळा आरशात मी आधी बाबांची छाती पाहिली आणि मग रस्ता. अकराव्या किलोमीटरला पुढे पिवळा दिवा दिसला आणि मी त्याच्या मागे तीस मीटरवर लागले.

सव्वानऊला नर्सने बाबांना मशीनला जोडलं. पाच तास चाललं. दुपारी तिने बाबांच्या अंगातून काढलेल्या पाण्याचा आकडा तक्त्यावर लिहिला: चार लिटर शंभर मिलिलिटर.