सासऱ्यांचं पोट

ड्युटी संपवून ती घरी पोचली तेव्हा जिन्यात ऊन आलं होतं. अपघात विभागात रात्रभर लोकांची पोटं दाबून तिची बोटं भरून आली होती. कुणाचं अपेंडिक्स, कुणाचा मुतखडा, एक जण तर नुसताच घाबरलेला. चपला काढतेय तोच नणंद समोर आली.

"वहिनी, बाबांचं पोट बघ ना. पहाटेपासून तळमळतायत. गॅसची गोळी दिली, काही फरक नाही."

'जरा टेकू दे गं,' हे ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, हात धुतले आणि नणंदेबरोबर आत गेली.

सासरे पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, करड्या आवाजाचे.

"काही नाही, गॅस आहे. तू झोप जा."

"उताणे व्हा, बाबा. गुडघे वर घ्या, म्हणजे पोट सैल पडेल."

चहाचा कप हातात देण्यापलीकडे तिचा त्यांच्याशी कधी संबंध आला नव्हता. ती आधी नुसतं बघत राहिली. बेंबीखाली मधोमध फुगवटा दिसत होता. मग तळवे एकमेकांवर चोळून तिनं दुखत नव्हतं तिथून सुरुवात केली. नजर पोटावर नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर होती. उजव्या बरगडीखाली दाबून श्वास घ्यायला लावला. कपाळावर आठी नाही. उजवीकडे खाली दाबून हात झटकन काढला. तरीही काही नाही. पोटावर ठेवलेल्या बोटावर दुसरं बोट आपटत ती वरून खाली आली. वर पोकळ आवाज येत होता, बेंबीखाली मात्र एकदम बद्द. तिथं गोल, गुळगुळीत गोळा लागला. त्यावर हलकेच दाब पडताच सासऱ्यांनी चादर मुठीत धरली.

"बाबा, लघवी कधी झाली?"

ते भिंतीकडे बघू लागले. "हिला बाहेर पाठव आधी."

नणंद गेली.

"काल दुपारी. त्यानंतर थेंबही नाही. सर्दीची गोळी घेतली होती, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"हे काय सुनेला सांगायचं असतं?"

"तिकडे रोज कितीतरी आजोबा सांगतात मला."

"तू त्यांची सून नाहीस ना!"

एवढ्या शिणातही तिला हसू फुटलं. वेदनेतच तेही कसनुसे हसले.

रिक्षानं तिघं तिच्याच दवाखान्यात आली. तिनं मुद्दाम पुरुष नर्सला बोलावलं आणि स्वतः पडद्याबाहेर थांबली. नळी गेली, पिशवी भरत गेली, आणि आतून इतका लांब सुस्कारा ऐकू आला की तिचेच खांदे खाली आले.

सर्जननं प्रोस्टेटची गाठ वाढल्याचं आणि त्यात सर्दीच्या गोळीनं लघवी अडल्याचं सांगितलं. काही दिवस नळी, मग गोळ्या, पुढचं नंतर बघू. ते ऐकून घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

घरी जायची वेळ झाली तेव्हा नणंद तिला हलवायला वाकली.

"थांब," सासरे हळूच म्हणाले. एका हातात पिशवी सांभाळत ते तिच्या शेजारी टेकले. "झोपू दे तिला. मला काही घाई नाही."