ग्दान्स्कची मावशी

मार्लीनचा जीव नुसता टांगणीला लागला होता. वॉशिंग्टनमध्ये बातमीदारी करून बावीस वर्षं झाली, पण असलं घबाड कधी हाती लागलं नव्हतं. परदेशी पाठवलेल्या पैशांची माहिती सरकार गुपचूप चाळतंय, तीही कोर्टाला न विचारता! सांगणारा मात्र एकच, आणि संपादक ह्यू पडला नियमाचा पक्का. दुसऱ्या कुणी दुजोरा दिल्याशिवाय तो एक ओळ छापायचा नाही. तीन आठवडे तिने दारं ठोठावली, पण सगळ्यांची दातखीळ बसलेली. शुक्रवारपर्यंत काही मिळालं नाही तर बातमी बासनात, असं ह्यूने बजावलं होतं. आणि आज शुक्रवारच होता.

छापण्याआधी सरकारचं म्हणणं विचारायचं, ही तिथली रीत. म्हणून सकाळी तिने अर्थखात्यात फोन केला. तासाभरात खुद्द तिथल्या उपसचिवाचं, प्रेस्कॉटचं बोलावणं आलं, तिला आणि ह्यूला दोघांनाही.

प्रेस्कॉट गोड माणूस. त्याने कॉफी मागवली, ह्यूच्या मुलांची चौकशी केली आणि मग थेट विनवण्याच सुरू केल्या. छापू नका, अतिरेकी सावध होतील, माणसं जिवाला मुकतील. ह्यूचा चेहरा उतरला. गेली बातमी, मार्लीनला वाटलं.

प्रेस्कॉट मग तिच्याकडे वळला. "प्रामाणिक माणसाला यात कसली भीती? आता तुमचंच बघा. दर महिन्याला पोलंडला, ग्दान्स्कच्या मावशीला पैसे पाठवता. कुणी त्रास दिला का तुम्हाला?"

मार्लीनच्या डोक्यात सणकन तिडीक गेली, आणि त्याच क्षणी आनंदाने छाती धडधडायला लागली. नाचावं की कप फेकून मारावा, तिला कळेना. ह्यूने वही काढली.

तेव्हा कुठे प्रेस्कॉट भानावर आला. हे अर्थात आपल्यातच, म्हणाला. अरे बाबा, ही अट बोलण्याआधी घालायची आणि समोरच्याने कबूल करायची, हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. विनवण्यांच्या घाईत गडी नेमकं तेच विसरला होता.

"ते आधी ठरवायचं असतं," मार्लीन म्हणाली.

तुम्ही तरी समजूतदारपणा दाखवा, असं प्रेस्कॉट ह्यूला म्हणू लागला. ह्यूचं लक्षच नव्हतं.

"मावशीचं तू कुणाकुणाला सांगितलं होतंस?" त्याने मार्लीनला विचारलं.

"नवऱ्यालासुद्धा नाही."

ह्यूने प्रेस्कॉटच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि उद्याचं पहिलं पान मोकळं ठेवायला सांगितलं.