पंचेचाळीसचा स्विच

इडवल गेला आणि गाव त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, अर्ध्या मापात मोजायला लागलं. खाटीक न विचारता मटणाचा एकच तुकडा बांधून देतो. चॅपलच्या बायका तिच्याकडची मोठी किटली घेऊन गेल्या. म्हणाल्या, तुला काय करायचीय आता. मी तिची शेजारीण. माझं डोकं फिरायचं, पण ग्लेनिस सगळ्यांना थँक्यू म्हणत होती.

मग तिने विजेची मोठी शेगडी घेतली. खाली दोन ओव्हन, वर चार चुली. भिंतीतली वायर आणि फ्यूज चांगले होते, स्विच तेवढा तडकलेला. तो बदलायला दीर आला, एम्रिस. जन्मभर बस चालवली, पण घराण्यातली विजेची कामं तोच करतो, कारण त्याला नको म्हणायची कुणाची छाती होत नाही.

शेगडीच्या दारावर चव्वेचाळीस अँपियर लिहिलेलं होतं. एम्रिसने खिशातून वीसचा स्विच काढला. त्याच्या शेडमध्ये पडून होता, फुकट होता. मग त्याने आम्हाला हिशेब समजावला. चारी चुली कोण एकदम लावतं? एक वजा. दोन ओव्हन कशाला? एक वजा. असं वजा करत करत शेवटी एक अंडं उकडण्यापुरतं तेवढं उरलं.

"एकट्या बाईला वीस म्हणजे पुष्कळ झाले," तो म्हणाला.

आता ही थँक्यू म्हणणार, म्हणून मी कपाळाला हात लावायच्या तयारीत होते.

"स्विच शेगडीच्या मापाचा लागतो, एम्रिस," ग्लेनिस म्हणाली. "माझ्या मापाचा नाही. पंचेचाळीसचा घेऊन ये."

दुकान लांब आहे, पाऊस आहे, असं तो बरंच काही बोलला. तिने त्याचा कोट आणून हातात दिला.

परत आला तो तोंड पाडूनच. गपचूप स्विच बसवला आणि मग मात्र त्याला राहवेना. "हे सगळं एकदम लावणार कधी तू?"

"आत्ता."

आणि लावलं. दोन्ही ओव्हन, चारी चुली, वर काही नाही, आत काही नाही. नव्या शेगडीच्या रंगाचा वास सुटला. आम्ही स्वेटर काढून बसलो. एम्रिस स्विचवर तळहात ठेवून तो तापायची वाट बघत उभा राहिला. माझा चहा संपला तरी स्विच तापला नाही.

ग्लेनिसने एकेक करून सगळं बंद केलं. "रविवारी जेवायला सहा जण आहेत," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना धरून." मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान डोलावली.

"मला कशाला धरतेस?" एम्रिस हत्यारं गोळा करत म्हणाला. "माझं काय, एकटा माणूस. सूपचा एक डबा उघडला की पुष्कळ..."

स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून तो नुसता उभा राहिला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"बारा वाजता ये," ग्लेनिस म्हणाली.